दोनशे फुटांवरचा निर्णय : सिम्युलेटरवर धुक्यातले लँडिंग कसे शिकाल?

चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरते, म्हणून त्या दिवसांत विमाने बहुधा जालन्याच्या बाजूने येतात. करमाडच्या आसपास ती जमिनीपासून सुमारे तीन हजार फुटांवर असतात आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतीजवळून जाताना बाराशे ते चौदाशे फुटांवर. झड लागलेली असेल आणि ढग खाली आले असतील, तर शेंद्र्यातून फक्त विमानाचा आवाज ऐकू येतो. कॉकपिटमध्ये बसलेल्या दोघांनाही त्या क्षणी खालचे काही दिसत नसते.

तरीही विमान सुखरूप उतरते, किंवा उतरत नाही आणि सुखरूप परत वर जाते. या दोन्हींमागचे शास्त्र घरच्या संगणकावर शिकता येते. प्रवासी विमानांचे वैमानिकसुद्धा दाट धुक्यातल्या लँडिंगचे प्रशिक्षण मुख्यतः सिम्युलेटरवरच घेतात, कारण खरे धुके मागणीनुसार मिळत नाही आणि मिळाले तरी त्यात चुका करून पाहता येत नाहीत. त्यांचे सिम्युलेटर हलणाऱ्या पायांवर उभे असते आणि त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मान्यता लागते. घरच्या सरावाने परवाना मिळत नाही, पण विचार करण्याची पद्धत मात्र तीच शिकता येते. शेंद्रा-ऑरिक पट्ट्यात यंत्रांवर काम करणारे तरुण अभियंते, डिप्लोमाचे आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख मुद्दाम लिहीत आहे. सिग्नल, मोजमाप आणि टॉलरन्स यांची सवय असलेल्या माणसाला हा विषय लवकर उमगतो.

आधी आकडे समजून घ्या

'कमी दृश्यमानता' हा शब्द वैमानिकाच्या कामाचा नाही. त्याला दोन आकडे लागतात. पहिला आरव्हीआर, म्हणजे धावपट्टीवरून किती मीटरपर्यंत दिवे किंवा खुणा दिसतात ते अंतर. हे धावपट्टीच्या कडेला बसवलेली उपकरणे मोजतात. दुसरा डिसिजन हाइट, म्हणजे ज्या उंचीवर पुढे जायचे की परत फिरायचे हे ठरलेच पाहिजे ती उंची.

या दोन आकड्यांवरून उतरण्याचे वर्ग पडतात. कॅट-१ मध्ये डिसिजन हाइट २०० फुटांपेक्षा खाली नसते आणि आरव्हीआर किमान ५५० मीटर लागतो. कॅट-२ मध्ये १०० फूट आणि ३०० मीटर. कॅट-३ मध्ये १०० फुटांच्याही खाली जाता येते. त्यातल्या 'बी' प्रकारात आरव्हीआर ५० मीटरपर्यंत चालतो आणि तिथे विमान स्वतः उतरते. दिल्ली, जयपूर, लखनौ, अमृतसर, कोलकाता आणि बेंगळुरू येथे कॅट-३ ची सोय आहे. उत्तर भारतातले हिवाळी धुके पाहता हे साहजिकच आहे. महाराष्ट्रात अडचण असते ती मुख्यतः मुसळधार पावसाची, खाली उतरलेल्या ढगांची आणि हिवाळ्यातल्या काही पहाटेच्या धुक्याची.

हे सर्व ज्या आयएलएस यंत्रणेवर चालते, तिचे दोन भाग आहेत. लोकलायझर डावे-उजवे सांगतो आणि ग्लाइड स्लोप वर-खाली. दोन्हींचे तत्त्व एकच आहे. जमिनीवरचा अँटेना शेजारी शेजारी दोन पट्टे प्रक्षेपित करतो, एकावर ९० हर्ट्झचा सूर आणि दुसऱ्यावर १५० हर्ट्झचा. दोन्ही सूर सारख्या जोराने आले की विमान नेमके मधल्या रेषेवर असते. ग्लाइड स्लोप साधारण ३ अंशांचा असतो, म्हणजे दर नॉटिकल मैलाला सुमारे ३०० फूट उतार. यावरून एक हिशेब पाठ करून ठेवा : जमिनीवरचा वेग नॉटमध्ये घ्या आणि पाचाने गुणा, दर मिनिटाला किती फूट खाली यायचे ते मिळते. १४० नॉटला ७०० फूट. हा दर १,००० च्या पुढे गेला, तर काहीतरी बिघडले आहे असे समजा.

दोनशे फुटांवर नेमके काय दिसते?

नवशिक्याचा सर्वांत मोठा गैरसमज इथे असतो. त्याला वाटते, ढगातून बाहेर आलो की समोर धावपट्टी दिसेल. हिशेब करून पाहा. ३ अंशांच्या उतारावर २०० फुटांवर असलेले विमान टेकण्याच्या जागेपासून सुमारे १,१६० मीटर दूर असते. टेकण्याची जागा धावपट्टीच्या सुरुवातीपासून साधारण ३०० मीटर आत असते, म्हणून धावपट्टीचे टोक अजून सुमारे ८६० मीटर पुढे आहे. आणि दिसते किती? ५५० मीटर. त्यातही विमानाचे नाक समोरचे दीडशे-दोनशे मीटर झाकते. उरतो साडेतीनशे ते चारशे मीटरचा तुकडा, आणि त्या तुकड्यात धावपट्टी नसतेच.

तिथे असतात ते अप्रोच लाइट. चांगल्या सोयीच्या धावपट्टीपुढे हे दिवे ९०० मीटरपर्यंत पसरलेले असतात आणि धावपट्टीपासून ३०० मीटरवर त्यांचा एक आडवा पट्टा असतो. तुम्ही निर्णय घेता तो या दिव्यांवर. त्यानंतर विमान सेकंदाला ७२ मीटर पुढे जाते. धावपट्टीचे टोक दिसायला आणखी चारेक सेकंद लागतात आणि तोवर उंची दीडशे फुटांच्या खाली आलेली असते. जो माणूस दोनशे फुटांवर धावपट्टी शोधत बसतो, तो हे चार सेकंद गमावतो. म्हणून सरावाच्या आधी निरभ्र हवामानात, रात्रीच्या वेळी, विमान २०० फुटांवर आणून सिम्युलेटर 'पॉज' करा आणि दिव्यांची मांडणी नीट पाहून घ्या. लांबवर गेलेली मधली ओळ, आडवा पट्टा, धावपट्टीच्या सुरुवातीचे हिरवे दिवे, शेजारचे पापीचे चार दिवे. पापीचे दोन लाल आणि दोन पांढरे दिसत असतील, तर उतार बरोबर आहे.

तयारी : टेबलावर बसून ठरवा

कॉकपिटमध्ये शिरण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहा.

एक, हवामान. मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, वाचा. वाऱ्याची दिशा, दृश्यमानता, ढगांची उंची.

दोन, धावपट्टीचा नकाशा, ज्याला अप्रोच चार्ट म्हणतात. वाऱ्यामुळे जे टोक वापरायचे आहे त्या टोकाला आयएलएस आहे का, ते तपासा. अनेक विमानतळांवर ती एकाच टोकाला असते. दुसऱ्या टोकाला उपग्रहावर किंवा व्हीओआर या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावर आधारलेली पद्धत वापरावी लागते आणि तिच्या मर्यादा जास्त असतात. पाठीमागून वारा घेऊन आयएलएसच्या टोकाला उतरायचे ठरवले, तर वेग आणि लागणारी लांबी दोन्ही वाढतात.

तीन, किमान उंची. ती नकाशावरून घ्या, अंदाजाने नको. मुंबईचा विमानतळ जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, चिकलठाणा सुमारे ५८० मीटर म्हणजे १,९०० फुटांहून थोडा वर. त्यामुळे जमिनीपासून दोनशे फुटांवर असताना मुंबईत उंचीमापक अडीचशेच्या आसपास दाखवेल आणि इथे एकवीसशेच्या पुढे. मुंबईच्या सवयीने चिकलठाण्याला उतरणाऱ्याने हे डोक्यात पक्के करावे.

चार, क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकात भरायचा हवेचा दाब. पावसाळ्यात आपल्याकडे तो प्रमाण मानलेल्या १०१३ पेक्षा बराच खाली, हजाराच्या जवळपास असतो. १०१३ तसाच ठेवला आणि खरा दाब १००३ असला, तर उंचीमापक सुमारे २८० फूट जास्त दाखवतो. ज्या निर्णयासाठी जमिनीपासून दोनशेच फूट राखून ठेवलेले असतात, तिथे ही चूक जीवघेणी आहे. ती पकडण्यासाठी धावपट्टीपासून ४ नॉटिकल मैलांवर ग्लाइड स्लोपवर असताना उंची ताडून पाहा. जमिनीपासून सुमारे १,३०० फूट यायला हवी.

पाच, दुसरा विमानतळ आणि तिथवर जाण्याचे इंधन. चिकलठाण्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर किंवा हैदराबाद यांपैकी एक निवडा आणि तिथे पोहोचल्यावरही अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे इंधन भरा. ज्याच्याकडे जायला दुसरी जागा आहे, त्यालाच दोनशे फुटांवर शांतपणे 'नको' म्हणता येते.

पायरीपायरीने उतरण

उदाहरणासाठी एअरबस ए-३२० घेऊ. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठी 'फ्लायबायवायर'चे ए-३२० मोफत मिळते. फ्लाइटगिअर हे सिम्युलेटर पूर्णपणे मोफत आहे. एक्स-प्लेनमध्ये दृश्यमानता थेट आकड्यात भरता येते, हा या विषयासाठी मोठा फायदा. बोइंगची बटणे वेगळी असली, तरी क्रम हाच राहतो. 'लँडिंग पाथ'सारख्या पडद्यावर मार्ग दाखवणाऱ्या सर्व मदती बंद करा.

धावपट्टीच्या रेषेत १२ नॉटिकल मैलांवर, ग्लाइड स्लोपच्या खालून या. वरून येऊन पकडायचा प्रयत्न करू नका. खऱ्या ग्लाइड स्लोपच्या वर अधिक तीव्र उताराचे खोटे सिग्नल असतात आणि ऑटोपायलट त्यांनाही पकडू शकतो. 'अप्रोच' बटण दाबा आणि लोकलायझर व ग्लाइड स्लोप दोन्ही पकडले गेल्याचे समोरच्या पडद्याच्या वरच्या पट्टीवर वाचा. हाताने दाबलेले बटण हा पुरावा नव्हे. विमान काय करत आहे ते ती पट्टीच सांगते. स्वयंचलित लँडिंग करायचे असेल, तर दुसरा ऑटोपायलटही लावा. तिथे 'कॅट ३ ड्युअल' अशी अक्षरे उमटतात.

चाके आणि फ्लॅप लवकर सोडा. १,००० फुटांवर विमान पूर्ण तयार हवे : चाके खाली, फ्लॅप शेवटच्या जागी, वेग ठरल्याप्रमाणे, खाली येण्याचा दर मर्यादेत, लोकलायझर आणि ग्लाइड स्लोपच्या दोन्ही सुया मध्यभागी. चिकलठाण्याच्या पूर्वेकडच्या उतरणीवर ही जागा शेंद्रा मागे पडल्यानंतर, टेकण्याच्या बिंदूपासून सुमारे पावणेसहा किलोमीटरवर येते. यातली एकही गोष्ट जागेवर नसेल, तर तिथूनच परत फिरा. याच उंचीवर आणखी एक दार आहे : त्याआधी आरव्हीआर किमान मर्यादेखाली गेल्याचे कळले, तर उतरण पुढे चालू ठेवायची नाही.

५०० फुटांनंतर काही नवे करू नका. कॅट-१ मध्ये किमान उंचीच्या शंभर फूट आधी 'हंड्रेड अबव्ह' ही हाक येते, तेव्हा नजर एकदा वर न्या. 'मिनिमम' ऐकू येताच दिवे ओळखू आले असतील, तर ऑटोपायलट काढा आणि हाताने उतरवा.

इथे सर्वांत सामान्य चूक होते. दिवे दिसताच नाक खाली घालावेसे वाटते. काचेवर पाऊस असेल, तर हा मोह वाढतो, कारण काचेवरच्या पाण्यातून प्रकाश वाकतो आणि आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असे वाटते. नाक खाली गेले, की विमान धावपट्टीच्या अलीकडे आपटू शकते. म्हणून दिवे दिसल्यावरही ५० फुटांपर्यंत नाकाचा कोन आणि ७०० फुटांचा दर तसाच ठेवा. नजर बाहेर आणि आत, आलटून पालटून.

स्वयंचलित लँडिंगमध्ये सुमारे ३५० फुटांवर पट्टीवर हिरवे 'लँड' यायला हवे. ते आले नाही किंवा लाल 'ऑटोलँड' दिवा लागला, तर परत फिरा. सगळे ठीक असेल, तर विमान स्वतः नाक उचलते, 'रिटार्ड' असा आवाज येतो आणि तुम्ही थ्रॉटल मागे ओढता. एक गोष्ट सिम्युलेटर बहुधा दाखवत नाही : जमिनीवरच्या अँटेनासमोर दुसरे विमान किंवा वाहन आले, तर सिग्नल वाकतो. खऱ्या जगात धुक्याच्या वेळी तो भाग मोकळा ठेवला जातो. साध्या कॅट-१ हवामानात तो राखलेला असेलच असे नाही. म्हणून चांगल्या हवेत ऑटोलँडचा सराव करतानाही हात नियंत्रणावर असू द्या.

टेकल्यानंतर मधल्या दिव्यांवरून उरलेली लांबी ओळखता येते. शेवटचे ९०० मीटर लाल-पांढरे, शेवटचे ३०० मीटर फक्त लाल. टॅक्सीवेवर वळून धावपट्टी मोकळी होईपर्यंत काम संपत नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफमध्ये ५८३ माणसे गेली, ती धुक्यात दोन विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळल्यामुळे.

परत फिरणे हा मुख्य धडा

गो-अराउंड म्हणजे अपयश नव्हे, उतरणीचा तो तितकाच तयार ठेवलेला दुसरा शेवट आहे. क्रम पाठ करा : थ्रॉटल पूर्ण पुढे, नाक वर, फ्लॅप एक पायरी कमी, विमान चढत असल्याची खात्री झाली की चाके वर, आणि नकाशावर दाखवलेला मार्ग. एअरबसमध्ये थ्रॉटल 'टोगा' खाचेपर्यंत गेला नाही, तर गो-अराउंडची अवस्था सुरूच होत नाही आणि विमान आयएलएसच्या मागे खालीच जात राहू शकते. घरच्या थ्रॉटलची खाच नीट कॅलिब्रेट करा आणि वरची पट्टी वाचा. खऱ्या विमानात अचानक वेग वाढल्यावर नाक फार वर गेल्याचा भास होतो. घरच्या खुर्चीत तो होत नाही, पण उपकरणावर विश्वास ठेवण्याची सवय मात्र इथेच लागते.

दोन घटना लक्षात ठेवाव्यात. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझऐवजी जवळच्या जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले आणि टोक ओलांडून पुढे गेले. विमान निकामी झाले, जीवितहानी झाली नाही. धावपट्टी दिसणे आणि आपली धावपट्टी दिसणे यांत फरक आहे. म्हणून स्वच्छ दिसत असतानाही आयएलएस लावून सुया मध्यभागी आहेत का ते पाहा.

दुसरी घटना कोळिकोडची. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात १९० जण होते. पावसात एक प्रयत्न सोडून दिल्यानंतर विमान दुसऱ्या टोकाने, पाठीमागून वारा असताना उतरले आणि सुमारे २,७०० मीटरच्या धावपट्टीच्या जवळजवळ अर्ध्यावर टेकले. २१ जण मृत्युमुखी पडले. कप्तान दीपक साठे हवाई दलातले माजी विंग कमांडर आणि कसोटी वैमानिक होते. सहवैमानिकाने 'गो-अराउंड' अशी हाक दिली होती, असे चौकशी अहवाल सांगतो. एवढ्या अनुभवी माणसावरही ज्या क्षणाचा ताण येतो, त्या क्षणाला आपण आयत्या वेळच्या इच्छेच्या हवाली करता कामा नये. निर्णयाची अट आधी लिहिलेली असावी आणि ती मोडली की हात आपोआप पुढे गेला पाहिजे.

सरावाचा क्रम

मुंबईची २७ क्रमांकाची धावपट्टी आणि तिची आयएलएस यांपासून सुरुवात करा. दृश्यमानता ५ किलोमीटर, मग १,५०० मीटर, मग ८००, मग ५५०. प्रत्येक पायरीवर उतरणी सहज जमू लागल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग घरातल्या कुणाला तरी हवामान भरायला सांगा आणि आकडा तुम्हाला न दाखवण्याची अट घाला. कधी ६०० मीटर, कधी ३००. दिवे दिसतील की नाहीत हे ठाऊक नसताना 'मिनिमम' ही हाक ऐकणे, हा सबंध सरावाचा गाभा आहे. आधीच माहीत असलेल्या हवामानात तुम्ही हात चालवायला शिकाल, निर्णय घ्यायला शिकणार नाही.

त्यानंतर दिल्लीच्या कॅट-३ धावपट्टीवर १५० मीटर आरव्हीआरमध्ये ऑटोलँड करा. त्यात मुद्दाम ३०० फुटांवर एक ऑटोपायलट काढून टाका आणि वरच्या पट्टीवर काय बदलते ते पाहा.

शेवटी चिकलठाणा. पश्चिमेचा वारा आणि ढगांचा थर जमिनीपासून आठशे फुटांवर ठेवा. नकाशा उघडून जालन्याच्या बाजूने येण्याची जी पद्धत छापली आहे तीच वापरा आणि तिची किमान उंची पाळा. ज्या परिसरातले रस्ते पाठ आहेत, तिथे ढगातून बाहेर येताच ओळखीच्या खुणा शोधायचा मोह होतो. तो आवरून आधी दिवे, मग सुया, मग उंची हाच क्रम ठेवा.

प्रत्येक उतरणीनंतर वहीत चार रकाने भरा : किमान उंची किती ठरवली होती, त्या उंचीवर नेमके काय दिसले, काय ठरवले, आणि ते ठरवायला किती उशीर झाला. लँडिंग किती मऊ झाले याला गुण देऊ नका. अट पूर्ण नसताना केलेले सुरेख लँडिंग वहीत लाल शाईने चूक म्हणून नोंदवा आणि अट मोडताच घेतलेल्या गो-अराउंडला पूर्ण गुण द्या. असे काही आठवडे केले, की 'मिनिमम' ऐकल्यावर काय करायचे याचा विचार करावा लागणार नाही, कारण तो विचार कागदावर आधीच झालेला असेल.